कथक विशारदनंतर परदेशात कंटेम्पररीची पदवी: तयारी कशी करावी?

तिहाई_पुणे

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत बारावीची (कॉमर्स) परीक्षा आहे. कथक विशारद पूर्ण झालंय. वर्षभर आठवड्यातून दोनदा कंटेम्पररीचा (समकालीन पाश्चात्य नृत्याचा) क्लास चालू आहे, बॅले मात्र अजिबात नाही. बारावीनंतर एक वर्ष थांबून तयारी करायची आणि त्याच्या पुढच्या सप्टेंबरला तीन वर्षांच्या पदवीला जायचं, असं डोक्यात आहे. इंग्लंडला पहिली पसंती, पण बेल्जियम-जर्मनीबद्दलही ऐकलंय. पुढे कंपनीत नाचायचंय, फक्त क्लास काढायचा नाही.

कॉलेज निवडताना नेमकं काय बघायचं? ऑडिशनमध्ये काय करून घेतात? कथकाचा उपयोग होईल की अडचण? आणि खर्चाचा अंदाज कसा बांधायचा? घरच्यांचं म्हणणं, पुण्यातच ललित कला केंद्रात बीए आहे की, बाहेर कशाला? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

विंगेतून

आधी घरच्यांचं. ललित कला केंद्रात नृत्याची बीए-एमए आहे, पण ती कथक किंवा भरतनाट्यमची. कथकातच पुढे जायचं असतं तर दुसरीकडे बघायची गरजच नव्हती. आपल्याकडे कंटेम्पररीचं पूर्णवेळ शिक्षण बहुतेक करून मुंबई, दिल्ली, बंगळूरच्या खासगी संस्थांच्या डिप्लोमांतून होतं. तेही वाईट नाही, पण ते पदवी नव्हे. कथक शिकून लंडन गाठण्याची वाट काही नवी नाही. कथक शिकलेले नर्तक अस्ताद देबू १९६९ मध्ये तिथे अमेरिकन नृत्यांगना मार्था ग्रॅहॅमची पद्धत शिकायला गेले होते.

कॉलेजचं म्हणाल तर ‘बीए डान्स’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक कॉन्झर्व्हेटरी: रोज सकाळी दीड तास टेक्निक (एक दिवस बॅले, एक दिवस कंटेम्पररी, किंवा दोन्ही पाठोपाठ), दुपारी इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल ते नाचणं), कोरिओग्राफी, रेपर्टरी (आधी बसवलेल्या रचना शिकणं), जोडीला शरीररचना आणि थोडं लेखन. दुसरी, सर्वसाधारण विद्यापीठातली नृत्य पदवी: तिथे वाचन-निबंध जास्त आणि स्टुडिओचे तास बरेच कमी. कंपनीत नाचायचं असेल तर पहिलाच प्रकार बघा. माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. तीन प्रश्न ईमेलने विचारा: पहिल्या वर्षी आठवड्याला स्टुडिओत किती तास, टेक्निकचा क्लास रोज आहे का, आणि लेखी कामाला किती टक्के गुण. गोलमोल उत्तर आलं तर तेच उत्तर समजा. चुकीच्या जागी पडलं तरी सगळं संपत नाही म्हणा. कथक आणि कंटेम्पररी दोन्ही नाचणाऱ्या अक्रम खानने सुरुवात लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात केली आणि पदवी पुरी केली लीड्सच्या नॉर्दर्न स्कूल ऑफ कंटेम्पररी डान्समधून.

इंग्लंडमध्ये हे लीड्सचं, लंडनमध्ये ‘द प्लेस’मधलं लंडन कंटेम्पररी डान्स स्कूल, ट्रिनिटी लाबान आणि रॅम्बर्ट स्कूल. चौघांचा पिंड वेगळा. रॅम्बर्टमध्ये बॅलेला कंटेम्पररीइतकंच वजन आहे. बॅले शून्य असताना तिथून सुरुवात करणं म्हणजे उलट्या बाजूने चढणं. लाबानमध्ये हालचालीचं विश्लेषण आणि कोरिओग्राफीचा विचार खोलवर चालतो. ब्रसेल्सचं पार्ट्स ही शाळा कोरिओग्राफर अॅन तेरेसा द केर्समाकर यांनी १९९५ मध्ये काढलं. तिथे दरवर्षी नवी बॅच घेत नाहीत, तेव्हा आधी प्रवेशाचं वर्ष जुळतंय का ते बघा. जर्मनीत एसेनचं फोल्कवांग (प्रसिद्ध कोरिओग्राफर पिना बाउश तिथल्याच), ड्रेस्डेनचं पालुक्का. ऑस्ट्रियात साल्झबर्गचं सीड.

आणि एक गणित. तुम्ही ‘एक वर्ष’ म्हणताय, पण सप्टेंबरच्या प्रवेशाच्या ऑडिशन साधारण आदल्या नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरकतात. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपली तर हातात आठ-नऊ महिने आहेत, अठरा नव्हे.

चवडा_टाच

वर शाळांचं नीट आलंय, मी फक्त शरीराबद्दल लिहिते.

ऑडिशनचा सर्वसाधारण साचा असा: आधी बॅलेचा छोटा क्लास, मग कंटेम्पररीचा क्लास आणि त्यात एक फ्रेज (हालचालींचा छोटा तुकडा) शिकवून करून घेणं. बऱ्याच ठिकाणी इथेच पहिली गाळणी लागते. उरलेल्यांचं इम्प्रोव्हायझेशन, दीड-दोन मिनिटांचा सोलो, मुलाखत. परीक्षक सोलोपेक्षा क्लासमध्ये जास्त बघतात. सुधारणा सांगितल्यावर पुढच्याच वेळी ती अंगात दिसते का, दुसऱ्या बाजूने करताना डोकं चालतं का, गर्दीत दुसऱ्यांना जागा देता का. रिअॅलिटी शोच्या सवयीने सोलोत स्प्लिट, गिरक्या आणि कोलांट्या कोंबलेल्या मुलांना हे कळत नाही आणि ती पहिल्या तासातच बाहेर पडतात.

बॅले शून्य असेल तर ऑडिशनपर्यंत आठवड्याला तीन क्लास हवेत. टोकदार बुटांची गरज नाही. प्लिए, तांद्यू, देगाजे, रों द जांब हे पायांचे मूळ व्यायाम, साध्या उड्या आणि फ्रेंच नावं ऐकताच पाय हलणं, एवढं पुरे. पाय बाहेर वळवताना गुडघ्यातून पिळू नका. खुब्यातून जेवढं वळतं तेवढंच. पावलं १८० अंशांत लावून गुडघे आत पडू देण्यापेक्षा ९० अंशांत लावून गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवणारी मुलगी परीक्षकांना हवी असते.

आता कथक. तिथलं लयीचं अंग तुम्हाला फुकट मिळालेलं भांडवल आहे. सोळा मात्रांत कुठेही उचलून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणाऱ्या मुलीला पाच-सातच्या गटांत मोडलेली फ्रेज अवघड जात नाही. पावलांची नेमकी जाण आणि नजर यांचंही तसंच. अडचण तीन ठिकाणी येते.

पहिली, चक्कर, म्हणजे गिरकी. कथकात डाव्या टाचेवर फिरायचं आणि बहुतेक वेळा एकाच दिशेला. कंटेम्पररीत फिरायचं चवड्यावर, दोन्ही दिशांना, कधी नजर एका जागी धरून मान न मारता. वर्षानुवर्षं टाचेवर फिरलेल्या शरीराचा तोल अर्ध्या इंचाने मागे गेलेला असतो. चवड्यावर चढताच कंबर मागे राहते, बरगड्या पुढे फुगतात आणि मुलगी मागच्या मागे उतरते. उपाय कंटाळवाणा आहे. पावलं समांतर, भार अंगठ्याखाली, करंगळीखाली आणि टाचेवर असा तीन ठिकाणी. तिथून दोन्ही चवड्यांवर चढून आठ आकडे थांबा. नंतर एका पायावर. ते जमल्यावर पाव फेरा, मग अर्धा, मग पूर्ण, प्रत्येकी आठ वेळा, आणि सुरुवात नेहमी उजवीकडून, कारण तीच तुमची कच्ची बाजू. पूर्ण फेऱ्यावर यायला सहा-आठ आठवडे लागले तरी लागू द्या. आणखी एक बारीक गोष्ट: कथकवाल्यांची टाच राठ असते, पण चवड्याची कातडी नाजूक. व्हिनाइलच्या फ्लोअरवर पहिल्याच आठवड्यात ती फाटते. राठ भाग घासून सपाट ठेवा, रात्री व्हॅसलीन लावा, फाटलंच तर झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी.

दुसरी, पाठ. कथकाच्या थाटात (उभं राहण्याच्या ठेवणीत) उभं राहिलेलं धड सुंदर असतं, पण ते एकसंध असतं. इथे कणा मणक्यामणक्याने सुटा हवा. रोज दहा रोल-डाउन: डोक्यापासून एकेक मणका सोडत खाली, तसंच वर. आठ आकड्यांत, मग सोळा, मग चार. ग्रॅहॅमचं कॉन्ट्रॅक्शन म्हणजे नुसतं पोट आत ओढणं नव्हे. कटी खालून वळते आणि कण्याचा लांब ‘सी’ तयार होतो. खांदे पुढे पडले तर ते कुबड, कॉन्ट्रॅक्शन नाही.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, जमीन. कथकात जमिनीला पाय मारतो, इथे सगळं अंग तिच्या हवाली करायचं असतं. उभ्याने खाली जाताना क्रम लक्षात ठेवा: पावलाची बाहेरची कड, नडगीची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, नितंब, मग पाठीची कड. गुडघ्याची वाटी आणि कोपराचं टोक या क्रमात कुठेही नाही. घाबरून हात ताठ टेकला की मनगट जातं. हात सरकत लांब जायला हवा. खांद्यावरची गुलाटी तिरकी, उजव्या खांद्यावरून डाव्या नितंबाकडे. मानेवरून सरळ कधीही नाही. सुरुवातीचे तीन महिने गुडघ्याला पॅड बांधा, लाज वाटून घेऊ नका.

इम्प्रोव्हायझेशन रोज अर्धा तास करा, पण मोकाट नको. एक अट घाला: आज फक्त कोपरापासून सुरुवात, किंवा आज एकदाही उभं राहायचं नाही. ऑडिशनमध्येही अशाच अटी देतात. अट सोडून नेहमीच्या सुंदर पोझकडे वळलात की त्यांच्या वहीत काट.

तिहाई_पुणे

बापरे, इतकं सविस्तर! मनापासून आभार ताई. चक्करबद्दलचं शब्दन्शब्द पटलं. पण घरी शहाबादी फरशी आहे आणि खालच्या मजल्यावरचे काका तत्कारालाच (कथकातल्या पायांच्या ठेक्यालाच) वैतागलेत. उड्या आणि फ्लोअरवर्क घरी करू की नको?

नडगी_सांभाळा

फरशीवर उड्या नकोच. तत्कारात पाऊल जमिनीपासून फार वर जात नाही, म्हणून ते खपून गेलं. शंभर उड्यांचा मार नडगी आणि घोट्यावर जातो. हॉल भाड्याने घेतानाही खाली लाकडी, थोडी दबणारी जमीन आहे का ते बघा. फरशीवर थेट चिकटवलेलं व्हिनाइल दिसायला नाचाचं, आतून फरशीच.

घरापुरता तोडगा असा. खाली एकमेकांत अडकणाऱ्या २० मिलिमीटर ईव्हीए फोमच्या टाइल, त्यावर १२ मिलिमीटर प्लायच्या ८ × ४ फुटांच्या दोन शीट शेजारी शेजारी. त्यावर ६ मिलिमीटर प्लायच्या आणखी दोन शीट आडव्या टाका, म्हणजे खालचा सांधा झाकला जाईल. स्क्रू १५ मिलिमीटरचेच, नाहीतर टोकं फोममध्ये उतरतात. कडा सँडपेपरने घासून घ्या. ८ × ८ फुटांचा चौक मिळतो, आवाजही बराच दबतो. फोम जास्त जाड घेऊ नका. मऊ जमिनीवर घोटा डगमगतो आणि मुरगळतो. जिमची जाड गादी तर नाहीच नाही.

पण खरा घोटाळा फरशीचा नसतो, तासांचा असतो. आज तुम्ही आठवड्याला सहा-आठ तास नाचत असाल. कॉन्झर्व्हेटरीत पहिल्याच आठवड्यात ते वीस-पंचवीस होतात. स्नायू जुळवून घेतात, हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात, आणि पहिल्या सत्राच्या मध्यावर दुखापतींची रांग लागते. म्हणून तास आत्तापासून हळूहळू वाढवा, दर आठवड्याला तासाभराने, आणि दर चौथा आठवडा हलका. निघण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात अठरा-वीस तासांवर पोचलेलं असावं. ऑडिशन झाली म्हणून एप्रिल ते ऑगस्ट आराम करणारी मुलंच ऑक्टोबरमध्ये बाकावर बसलेली दिसतात.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस पुरे. एका पायावर चवड्यावर चढणं प्रत्येक पायाला सलग २५ वेळा, गुडघा सरळ, पूर्ण उंची. हे जमत नाही तोवर उड्यांची संख्या वाढवू नका. शिवाय एका पायाचा ब्रिज, साइड प्लँक, वजन घेऊन स्क्वॉट. फ्लोअरवर्क आणि जोडीकामासाठी हातांतही जोर लागतो आणि कथकवाल्यांचा तो कच्चा असतो. पुशअप गुडघे टेकून सुरू करा. क्लासच्या आधी मिनिट-मिनिटभर ताणून बसू नका, त्याने स्नायूचा जोर तात्पुरता उतरतो. ताणणं क्लासनंतर.

नडगीचं दुखणं ओळखायला शिका. दुखणं नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेलं असेल, सुरुवातीला ठणकून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर भार कमी करून आणि पोटरीचे व्यायाम वाढवून ते आवरतं. पण एका बोटाने दाखवता येईल इतक्याच जागी दुखतंय, नाचल्यावर वाढतंय, रात्रीही ठणकतंय, तर ते हाडाचं असू शकतं. नाच बंद आणि हाडांचा डॉक्टर. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, त्यावर विसंबू नका, एमआरआयबद्दल विचारा.

शेवटचं, खाण्याचं. बारीक दिसण्याच्या नादात पोटाला मारू नका. पाळी सलग तीन महिने चुकली तर ‘नाचामुळे होतं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. शरीराला इंधन पुरत नसल्याची ती खूण असू शकते आणि किंमत हाडं मोजतात. ५० किलो वजनाला रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं धरा. वरण-भात-भाजीत ती होत नाहीत. दही, पनीर, अंडी, उसळ मोजून वाढवा. निघण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), डी जीवनसत्त्व तपासून घ्या. लंडनच्या हिवाळ्यात ‘डी’ ऊन्हातून मिळणार नाही.

विंगेतून

+१. तासांचा मुद्दा मी लिहायला हवा होता, तुम्ही बरोबर पकडलात.

एक भर व्हिडिओबद्दल. भारतातून पहिली फेरी बहुधा व्हिडिओवरच होते. फोन आडवा, स्टँडवर, छातीच्या उंचीला, अंतर इतकं की हात वर केला तरी बोटं आणि खाली पावलं दोन्ही चौकटीत. ०.५ ची रुंद लेन्स वापरू नका, कडेला गेलं की पाय वाकडे दिसतात. क्लासचे व्यायाम एका दमात, कट न मारता. मागे आरसा नको, खिडकी तुमच्या समोर, पाठीशी नाही. काळ्या पडद्यापुढे काळे कपडे घालून नाचणाऱ्यांची फक्त मुंडकी दिसतात. अंगाबरोबरचे, गुडघा आणि घोटा दिसेल असे साधे कपडे. स्लो मोशन, ड्रोन, धूर, सगळं बाद. लिंक ‘प्रायव्हेट’ ठेवून पाठवली की ती उघडत नाही, ‘अनलिस्टेड’ ठेवा.

हिशेबनीस

पैशांवर कोणी बोललं नाही, ते मी करतो. फी शाळेगणिक वेगळी आणि परदेशी विद्यार्थ्यांना इंग्लंडात स्थानिकांच्या कित्येक पट, तेव्हा ती साइटवरून घ्या. फीच्या बाहेरचे आकडे मात्र सगळ्यांना सारखे.

इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाला पहिल्या वर्षाची उरलेली फी अधिक नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासूनचा दर लंडनला महिना १,५२९ पाउंड, बाहेर १,१७१. म्हणजे लंडनला १३,७६१ आणि लीड्सला १०,५३९. तीन हजारांचा हा फरक निव्वळ शहराचा. २८ दिवसांत एक दिवसही रक्कम खाली गेली की अर्ज नाकारला जातो. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड. तीन वर्षांच्या कोर्सला व्हिसा साधारण सव्वातीन वर्षांचा मिळतो आणि अधिभार साडेतीन वर्षांचा, २,७१६ पाउंड, तोही अर्जासोबत एकरकमी.

आता नाचणाऱ्यांनी नीट वाचायची अट. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण स्वयंरोजगार नाही आणि व्यावसायिक कलाकार म्हणून कामही नाही. लग्नाच्या संगीताला पैसे घेऊन नाचणं, रविवारी स्वतःचा कथक क्लास चालवणं, दोन्ही नियमाबाहेर. कोर्सचाच भाग असलेली आणि गुण मिळणारी प्लेसमेंट चालते. कॅफेत काम करा, संध्याकाळच्या रिहर्सलशी वेळ जुळवा.

पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा फ्रीलान्स नाचायला परवानगी देतो. पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना पदवीधरांसाठी तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच. तुमच्यावर हाच नियम लागणार. कंपनीतल्या पूर्णवेळ नोकऱ्या मोजक्या, बाकी सगळं प्रोजेक्टवर, तेव्हा १८ महिने पदवी हातात पडल्यावर नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीपासूनच चालू झालेत असं धरा. ट्रिनिटी लाबानची ट्रान्झिशन्स आणि लीड्सची व्हर्व्ह या पदव्युत्तर कंपन्या वर्षभर दौरे करतात. तिथून पुढे कामं मिळणं सोपं जातं, पण आणखी एका वर्षाची फी धरा.

जर्मनीत एसेनसारख्या सरकारी संस्थांत फी जवळजवळ नाही, सत्राची वर्गणी तेवढी. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२, आणि एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे भारतातल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. पैशांची ओढाताण असेल तर माझं मत जर्मनीला, जर्मन आजपासून शिकायला घ्या.

कर्ज: सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात. संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती (१८ ते २५ वयोगट, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं) फक्त भारतातल्या शिक्षणाला. इनलॅक्स आणि जे. एन. टाटा एंडोमेंट या खासगी न्यासांची मदत पदवीनंतरच्या शिक्षणाला. बारावीनंतर लगेच जाणाऱ्याला इथून फारसं काही नाही, जे मिळेल ते शाळेकडूनच. म्हणून प्रवेशपत्र आल्यावर शिष्यवृत्तीची विचारणा त्याच आठवड्यात करा, मे महिन्यात नको.

तिहाई_पुणे

घरच्यांना हा धागाच वाचायला देते! शेवटचा प्रश्न: सोलोत कथक ठेवलं तर चालेल का? की पूर्ण कंटेम्पररीच हवं?

चवडा_टाच

चालेल, पण बसवलेला तोडा (कथकातली बोलांची ठरलेली रचना) जसाच्या तसा नको आणि त्यावर कंटेम्पररीचे हात चिकटवलेलं फ्युजन तर अजिबात नको. तुमच्या तालमीतलं एकच काहीतरी घ्या, समजा तिहाई (एकच तुकडा तीनदा करून समेवर येणं). तिची तीन आवर्तनं: पहिलं पायांत, दुसरं नुसत्या बरगड्यांत, तिसरं जमिनीवर आडवं पडून, आणि सम चुकवून. घुंगरू नकोत, चित्रपटगीत नको. शब्द असलेलं गाणं असेल तर शब्द नाचून दाखवण्याचा मोह होतोच. लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी धून) किंवा शांतता दोन्ही चालतं. दोन मिनिटं म्हटलं असेल तर एक मिनिट पन्नास सेकंदांत संपवा, वेळ झाली की मध्येच थांबवतात. आणि मुलाखतीत ‘हेच तू दुप्पट सावकाश करून दाखव’ असं सांगू शकतात, त्याचीही तालीम ठेवा.